हातचा येईपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा. इथल्या, इंदूरच्याच एका गृहस्थांची मुलगी नववीत आहे. तिने ओळीने नऊ एक लिहिले, १११११११११, आणि वहीत त्याचा वर्ग केला. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. वडिलांनी ऑफिसच्या स्प्रेडशीटमध्ये पडताळलं तर शेवटी ३०० आले. घरी लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये केलं तर ३२०. खरं कोणतं? शाळेतले सर म्हणाले की दहा एक घेतले की ही नक्षी मोडते, ती का? आणि या संख्येत बघण्यासारखं आणखी काय आहे?

मुलीचं उत्तर बरोबर, दोन्ही यंत्रांची चूक. हे कळायला पूर्ण गुणाकारही करावा लागत नाही. एककाच्या घरात एक गुणिले एक एवढंच घडतं, तिथे शून्य येईल कुठून? शिवाय विषम संख्येचा वर्ग विषमच असतो. ३०० आणि ३२० दोन्ही सम, म्हणजे बघताक्षणी बाद. चौतीस वर्षं गणित शिकवताना मी मुलांना एवढंच सांगत आलो की उत्तर आलं की आधी त्याचं शेपूट बघा.

यंत्र का चुकलं हे मात्र बघण्यासारखं आहे. स्प्रेडशीट काय, ब्राउझर काय, साधा आकडा दोघंही एकाच साच्यात ठेवतात: ६४ बिटांचा साचा (बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढं एक घर), आणि त्यात आकड्याच्या अंकांच्या वाट्याला ५३ बिट. प्रत्येक पूर्ण संख्या बिनचूक मावते ती २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत. आपली संख्या त्याच्या पुढची, तिला ५४ बिट लागतात. फक्त एक बिट कमी पडला! त्या टापूत यंत्राला सम संख्याच ठेवता येतात, मधल्या विषम संख्यांना जागा नसते. ३२० आहे, ३२२ आहे, ३२१ नाही. दोन्ही शेजारी सारख्याच अंतरावर, तेव्हा ठरलेल्या नियमाने यंत्र ३२० वर जाऊन बसतं. स्प्रेडशीट आणखी आखडता हात घेते: पंधरा अंक दाखवते आणि पुढे शून्यं भरते. लांबलचक खाते क्रमांक स्प्रेडशीटमध्ये टाकले की शेवटचे अंक गायब होतात, त्याचंही कारण हेच. तिथे रकाना आधी ‘मजकूर’ करून घ्यावा लागतो.

आता ही संख्या वाचायची कशी? माझ्या एका बँकेतल्या मित्राला वाचायला दिली. त्याने स्वल्पविराम टाकले आणि सुरुवात केली, ‘एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी…’ आणि दुसऱ्या ‘कोटी’ला अडखळला. आपल्या रोजच्या मराठीची शिडी कोटी-अब्जाला संपते. इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांची इथे सोय आहे, कारण शाळेत हिंदीतून अरब, खरब, नील, पद्म पाठ केलेले असतात. १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असे स्वल्पविराम द्या आणि सरळ वाचत जा: बारा पद्म, चौतीस नील, छप्पन्न खरब, अठ्ठ्याहत्तर अरब, अठ्ठ्याण्णव करोड, शहात्तर लाख, चौपन्न हजार तीनशे एकवीस. (छप्पन्न म्हटल्यावर इंदूरच्या पोराला ‘छप्पन दुकान’ ही खाऊगल्ली आठवून भूक लागते, ते सोडा.)

पण मला जास्त आवडतं ते भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या नावांनी वाचणं. तिथे दोन-दोन घरांना मिळून एक नाव नाही, प्रत्येक घराला स्वतंत्र नाव आहे, एकापासून परार्धापर्यंत अठरा. आपली संख्या सतरा अंकी, म्हणजे परार्धाच्या एक पायरी खाली. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. मुलीला हे मोठ्याने म्हणायला सांगा. डोंगर चढून उतरल्यासारखं वाटतं. एक सावधगिरी मात्र हवी: लीलावतीतलं खर्व म्हणजे एकावर दहा शून्यं, हिंदीतलं खरब म्हणजे एकावर अकरा. नावं सख्ख्या बहिणींसारखी, किंमत दहापट वेगळी. दोन्ही पद्धती एका वाक्यात मिसळू नका.

आता मूळ मुद्दा, नक्षीचा. चौकटीच्या वहीत हा गुणाकार मांडा. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त दर ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. नऊ ओळी झाल्या की जिना तयार होतो. मग उभ्या रांगा मोजा. सगळ्यात उजवीकडच्या रांगेत एकच एक आहे. तिच्या डावीकडे दोन, मग तीन. बरोबर मधल्या रांगेत नऊ. तिथून पुढे आठ, सात, करत पुन्हा एक. ओळीच नऊ आहेत, त्यामुळे कुठल्याही रांगेत नवापेक्षा जास्त एक येऊच शकत नाहीत. म्हणजे अख्ख्या बेरजेत एकदाही हातचा घ्यावा लागत नाही. प्रत्येक रांगेची मोजणीच अंक होऊन खाली उतरते. या संख्येचं सगळं सौंदर्य तिथे आहे: हातचा नाही.

दहा एक घेतले की मधल्या रांगेत दहा होतात आणि हातचा येतो.

इथे माझीच फजिती सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. फळ्यावर एक एक, दोन एक, तीन एक करत नऊ एकांपर्यंतचे वर्ग लिहिले, पोरं खूश. त्या भरात पुढचा वर्ग न करताच लिहून टाकला: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. नवानंतर दहा, मग उतरण, दिसायला किती ठीक! मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘सर, हे वीस अंक झाले, एकोणीसच यायला पाहिजेत.’ खरंच होतं. जिन्यात दहा ओळी असल्या की उभ्या रांगा एकोणीस, आणि डावीकडच्या टोकाला हातचा पोहोचत नाही. मी मान्य केलं नाही. म्हटलं, थांब, पडताळा घेऊ. नऊ टाकून बघितलं, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत गेलो. दहा एकांची बेरीज १०, म्हणजे १. त्याचा वर्ग १. माझ्या उत्तराच्या अंकांची बेरीज ९१, म्हणजे १०, म्हणजे १. जुळलं! मी विजयी मुद्रेने खडू खाली ठेवला.

पडताळा जुळला आणि उत्तर चूकच होतं. नवाच्या कसोटीला कुठला अंक कुठल्या घरात बसलाय याचं सोयरसुतक नसतं, तिला फक्त बेरीज कळते. मी माणसं बरोबर आणली होती, घरं चुकवली होती. अकराची कसोटी लावली असती तर तिथेच पकडला गेलो असतो. दहा एकांना अकराने भाग जातो, तेव्हा त्यांच्या वर्गालाही गेलाच पाहिजे. माझ्या उत्तरातल्या एकाआड एक अंकांच्या बेरजा ४६ आणि ४५ येतात. फरक १. भाग जात नाही. त्या दिवसापासून मी वर्गात दोन्ही कसोट्या बरोबरीने शिकवायला लागलो. अकराची कसोटी अंकांच्या जागा बघते, नवाची बघत नाही.

बरोबर उत्तर हातचा घेऊन काढा. मधल्या रांगेत दहा, शून्य लिहा, हातचा एक. डावीकडच्या रांगेत नऊ होते, ते दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याच्या डावीकडे आठ होते, ते नऊ झाले. इथे हातचा संपला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा आठ गेला कुठे असं मुलं विचारतात. कुठे गेला नाही, त्याचा नऊ झाला. १ ला ८१ ने भागा, ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… येतं, तिथेही आठ नाही आणि कारण तेच, पुढच्या दहाचा हातचा.

त्या फळ्यावरच्या चुकीची एक गंमत मला फार नंतर कळली. १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणीही निःशेष भागत नाही. मी जिला वर्ग म्हणून फळ्यावर मिरवलं, ती कुणाचाच वर्ग असणं शक्य नव्हतं. आणि तिच्यासारखीच दिसणारी आपली सतरा अंकी संख्या अवयवांनी गच्च भरलेली.

ते अवयव बघू. संख्या वर्ग आहे, म्हणून फक्त १११११११११ फोडलं की काम झालं. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो आणि उरतो १२३४५६७९, तोच आठ नसलेला. याला ३७ ने भाग जातो: ३७ × ३३३६६७. आता ३३३६६७ मूळ आहे का? सरधोपट मार्ग म्हणजे त्याच्या वर्गमुळापर्यंतच्या, ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघणं. त्या १०६ आहेत. कागद-पेन्सिलीने एक अख्खी दुपार जाते.

पण इथे एक चोरवाट आहे, आणि ती नववीच्या मुलीला नक्की झेपेल. तिला आवर्ती दशांश येत असतील. १/३ मध्ये एकाच अंकाचं आवर्तन. १/३७ = ०.०२७०२७…, तीन अंकांचं. १/७ मध्ये सहा अंकांचं. फर्माच्या सिद्धांतातून असं निघतं की २ आणि ५ सोडून कुठल्याही मूळ संख्येच्या आवर्तनाची लांबी त्या संख्येतून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला निःशेष भागते. ३७ मधून एक गेला ३६, त्याला ३ ने भाग जातो. ७ मधून एक गेला ६, त्याला ६ ने जातो. आता जी मूळ संख्या १११११११११ ला भागते, ती ९९९९९९९९९ लाही भागते, म्हणून तिच्या आवर्तनाच्या लांबीने नवाला भाग जायला हवा, म्हणजे ते १, ३ किंवा ९ अंकांचंच असू शकतं. एक अंकाचं फक्त ३ चं. तीन अंकांचं फक्त ३७ चं, कारण ९९९ म्हणजे २७ × ३७. बाकी कुणी असेल तर त्याचं आवर्तन नऊ अंकांचं, म्हणजे त्यातून एक वजा केला की ९ ने भाग जायलाच हवा. शिवाय ती विषम, म्हणून २ नेही. थोडक्यात १८ ने.

झालं. १०६ मधून उरतात १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. सतरा भागाकार, चहा थंड व्हायच्या आत उरकतात. ३ चं काम तर अंकांच्या बेरजेनेच होतं: २८, भाग जात नाही. सतरांपैकी कुणीही ३३३६६७ ला निःशेष भागत नाही (३७ ने भागलं तर बाकी फक्त एक उरते, थोडक्यात हुकलं). म्हणजे ३३३६६७ मूळ. मुलीला हे भागाकार करायला लावा. कॅल्क्युलेटर चालेल, इथे आकडे लहान आहेत.

तेव्हा आपली संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. विभाजक किती? घातांकांत एक-एक मिळवून गुणा: ५ × ३ × ३ = ४५. विषम आले, ते अपेक्षितच, वर्गसंख्येचे विभाजक नेहमी विषम असतात, कारण वर्गमुळाला जोडीदार नसतो.

त्या ३७ चा एक वेगळाच उपयोग आहे. १२ चा वर्ग १४४, ३५ चा १२२५, दोन्ही मिळून १३६९, म्हणजे ३७ चा वर्ग. पायथागोरसचं त्रिकुट. १११११११११ ला ३७ ने भागलं की ३००३००३ येतात. त्रिकुटाच्या तिन्ही बाजूंना याने गुणा: ३६०३६०३६, १०५१०५१०५ आणि कर्ण १११११११११. काटकोन त्रिकोण, तिन्ही बाजू पूर्णांकात, आणि बाजूंचे आकडे बघा कसे ताल धरतात. हा कर्ण घेऊन दुसरा असा त्रिकोण निघतच नाही. ४ ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या मूळ अवयवांतूनच असे त्रिकोण मिळतात. इथे तसा अवयव एकटा ३७. ३ आणि ३३३६६७, दोघांचीही बाकी ३.

मराठी माणसाने या संख्येशी आणखी एक नातं सांगायला हवं. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा चढत्या-उतरत्या संख्यांवर काम केलं आणि त्यांना ‘डेमलो संख्या’ असं नाव दिलं. डेमलो हे मुंबईपासून ३० मैलांवरचं, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेचं (आताच्या मध्य रेल्वेचं) स्टेशन होतं; तिथे त्यांना ही कल्पना सुचली. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला ‘हर्षद’ म्हणायचं, हेही कापरेकरांचंच. आपली संख्या हर्षदही आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१. भागून बघा, १५२४१५७८९९७१०४१ येतं, आणि तेही पुन्हा पूर्ण वर्ग, १२३४५६७९ चा. उलट दिशेने जाऊन तिला ८१ ने गुणलं तर ९९९९९९९९८००००००००१ मिळतं, म्हणजे नऊ नवांचा वर्ग. त्याचे मधोमध दोन तुकडे करा, ९९९९९९९९८ आणि १. बेरीज पुन्हा नऊ नऊ. ज्या संख्येच्या वर्गाचे असे तुकडे जोडल्यावर तीच संख्या परत येते, तिला आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ४५ घ्या: २०२५, वीस आणि पंचवीस पंचेचाळीस. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’साठी कापरेकर सगळ्यांना माहीत असतात, डेमलोसाठी फारसे नाहीत. माझ्या मते डेमलो जास्त गोड.

आणि त्यांच्याही हजारेक वर्षं आधी, नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात १२३४५६५४३२१ दिलेली आहे: एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी. त्यांनी ती २७९९४६८१ × ४४१ या गुणाकारातून काढली. वरवर बघता हे आकडे कुठून उचलले ते कळत नाही. पण ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा, आणि २१ × ५२९१ म्हणजे सहा एक. तोच जिना, फक्त सहा पायऱ्यांचा. आकडे असे लपवून उदाहरण घालणारा माणूस शिक्षक म्हणून वस्ताद असणार.

नऊ हा आकडा पवित्र वगैरे आहे म्हणून हे घडतं का, असंही काही पालक विचारतात. नाही. आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून दहाला हातचा येतो आणि जिना नवापर्यंत टिकतो. आठाच्या पद्धतीत, म्हणजे ० ते ७ हेच अंक वापरून आणि आठ झाले की हातचा घेऊन, सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा अगदी नीटस येतो आणि आठव्या एकाला नक्षी मोडते. सोळाच्या पद्धतीत पंधरा एकांपर्यंत टिकते. मुलीला आठाच्या पद्धतीत आठ एकांचा जिना मांडायला सांगा, चौकटीच्याच वहीत. मधल्या रांगेतून निघालेला हातचा किती घरं चालतो आणि या वेळी डावीकडचा कुठला अंक गायब होतो, ते तिचं तिला सापडू दे.